तळातला कापूस आणि सोनवणे मॅडमचे तास

आमच्या घरात कुठलाही छापील कागद पहिल्या पानापासून वाचायची पद्धत नव्हती. लग्नपत्रिका असो, खताच्या पिशवीवरचा मजकूर असो की बँकेचं पत्र, नाना थेट तळाशी जायचे आणि शेवटच्या ओळीपासून वर चढत यायचे. नाना म्हणजे माझे वडील. शिंदखेड्याच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभी हयात कापसाची प्रत ठरवण्यात घालवली. गाडी आली की लोक वरचा पांढराशुभ्र कापूस दाखवायचे आणि नाना तिकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. बाही कोपराच्या वर सरकवायची, गाडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा, तळातला मूठभर कापूस ओढून काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणायचा आणि त्यातली सरकी दाताखाली फोडायची. कडक वाजली तर माल कोरडा, दबली तर ओला. "वरला कापूस कोनी बी चांगला ठेवस," ते म्हणायचे, "तळले हात घाल." हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी मला ते पाठ झालं असावं. आजही भाजीवालीकडची मेथीची जुडी मी खालून उचकटून बघते, आणि ती बाई माझ्याकडे बघते तेव्हा मला काही वाईट वाटत नाही. वाटायला हवं की काय, ते मला ठाऊक नाही.

बारावीनंतर जळगावच्या एका कॉलेजात मी बीबीएला नाव घातलं. आमच्या गल्लीत बीबीए म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. व्यवसायाचं शिक्षण आहे, पुढे काहीतरी होईल, एवढंच. प्रवेश झाल्यावर त्यांनी एक जाडजूड माहितीपुस्तिका हातात दिली. गुळगुळीत कव्हर, त्यावर टाय लावलेली पोरं हसताहेत. शनिवारी पॅसेंजरने मी ती घेऊन घरी आले. माय चुलीपाशी फुनके वाफवत होती, तुरीच्या डाळीचा आणि लसणाचा वास सगळ्या घरात भरला होता, आणि नाना ओट्यावर चष्मा लावून पुस्तिका मागच्या पानापासून वाचायला बसले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण शेजारी मराठीही छापलेलं होतं. आतून माय दोनदा ओरडली, "जेवाले बसा, पुस्तक खाशात का आते?" पण नाना हलले नाहीत. शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: अभ्यासक्रमात आवश्यकतेनुसार बदल करण्याचा अधिकार विभागाकडे राहील. नानांनी त्या ओळीवर नख टेकवलं. "हाई देख. बदल कराना अधिकार त्यासना, मंग बठ्ठं पुस्तक कसाले छापं?" सगळंच बदलता येत असेल तर एवढं पुस्तक छापलंच कशाला, असा त्यांचा सवाल. ते म्हणाले, "हाऊ तळना ओला कापूस शे. तू बोलू नको. मोज."

म्हणून मी मोजत गेले. दोनशे पानी वही घेतली आणि डोळ्यांत तेल घालून रोजचा प्रत्येक तास त्यात लिहू लागले. कोण आलं, किती वाजता आलं, किती मिनिटं शिकवलं, किती मिनिटं हजेरी घेतली आणि किती मिनिटं स्वतःच्या मुलाच्या हुशारीचं वर्णन केलं, सगळं. वर्गातली पोरं मला 'इन्स्पेक्टर' म्हणायची. म्हणोत बापडी. खोलीत माझ्यासोबत सविता राहायची. ती पिंपळनेरकडची, तिच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. ती मला म्हणाली होती, "तू शिकायला आलीस की पहारा द्यायला?" मी म्हटलं, दोन्हीला. पुस्तिकेच्या मागच्या भागात प्रत्येक सत्राचे तक्ते होते. विषयाचं नाव, पुढे चार रकाने: व्याख्यान, ट्युटोरियल, प्रात्यक्षिक, आणि शेवटी क्रेडिट. बहुतेक विषयांपुढे चार, शून्य, शून्य, चार असं असायचं. नानांनी मला शिकवलं की मधले रकाने भरताड असतात, खरा आकडा शेवटचा. चार क्रेडिट म्हणजे आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे, साठ तास. साठ तास मिळाले की माल पुरा उतरला. हिशेब सोपा होता आणि पहिली तीन सत्रं तो बरोबरही निघाला. एका सरांचे सहा तास कमी भरले तेव्हा मी वर्गातच उठून वही वाचून दाखवली. सर लाल झाले, पण त्यांनी ते सहा तास भरून दिले. घरी नानांनी ते शेजाऱ्यांना चार वेळा सांगितलं. माय म्हणाली, मास्तरचा पाणउतारा करून तुला काय मिळालं? मी म्हटलं, सहा तास.

चौथ्या सत्रात उद्योजकता हा विषय आला आणि शिकवायला आल्या सोनवणे मॅडम. धुळ्याच्या. तिशीच्या आतबाहेर, सुती साडी, पायात साधी चप्पल, खांद्यावर कापडी पिशवी. त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "वर्गात आपण कमी बसणार आहोत," आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. आठवड्यातले दोन तास त्या वर्गात घ्यायच्या, आणि दोन दिवस आम्हाला गावभर फिरवायच्या. कधी दाळ मिलच्या फाटकाशी, कधी चटयांच्या कारखान्यात, कधी सकाळी सकाळी भाजीबाजारात. तिथे त्या काही शिकवायच्या नाहीत, नुसतं उभं करायच्या. बांगडीवाल्याच्या दुकानासमोर आम्हाला दोन तास उभं केलं होतं आणि काम काय, तर गिऱ्हाईक आधी कुठल्या वस्तूला हात लावतं ते टिपायचं. पायांचे तुकडे पडले माझ्या. एकदा वांग्यांच्या ढिगापाशी सविताला पुढे ढकललं आणि म्हणाल्या, "जा, त्यांना विचार, उरलेल्या वांग्यांचं संध्याकाळी काय करतात." सविता तोपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती. ती दबकत गेली, आणि त्या वांगीवालीशी अर्धा तास बोलत बसली. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा फुललेला की मला ओळखू येईना. मॅडम तिला 'शाब्बास' म्हणाल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "आता हे तूच वर्गात सांग." मी मात्र एका बाजूला उभी राहून घड्याळ बघत होते. माझ्या वहीत त्या दिवसापुढे मी शून्य लिहिलं. फळा नाही, खडू नाही, हजेरीपट नाही, मग तो तास कसला?

तक्त्यात त्या विषयापुढे दोन, शून्य, चार, चार असं होतं, ते मी बघितलं होतं. प्रात्यक्षिकाच्या रकान्यातला चार मला दिसला होता. पण मला वाटलं, कॉमर्सच्या पोरांना कसली आलीय प्रयोगशाळा? हा आकडा वजन वाढवायला घातलेला, गाडीत माती घालतात तसा. शेवटचा चार खरा, म्हणजे साठ तास. आणि सत्र संपत आलं तेव्हा माझ्या वहीत सोनवणे मॅडमपुढे भरले होते अठ्ठावीस. शनिवारी मी घरी नानांना वही दाखवली. ते वाटीतली कढी भाकरीवर ओतत होते, ते थांबले. "साठमा अठ्ठावीस?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, ती मला आजही टोचते. "ती बाई पक्की शे का कच्ची?" मी म्हटलं, तासिका तत्त्वावर आहे, जितके तास तितका पगार. नाना हसले. "मंग समजनं. गावमा हिंडस, आन तास लावस. पानी मुरी ऱ्हायनं."

झालं. मला आतून असा काही चेव आला की काय सांगू! मी त्याच रात्री अर्जाचा कच्चा मसुदा केला. मा. प्राचार्य यांसी, विषय: उद्योजकता विषयाचे तास न झाल्याबाबत. साठपैकी अठ्ठावीसच तास झाले असून उर्वरित वेळी विद्यार्थ्यांना बाजारात विनाकारण फिरवण्यात आले, वगैरे. 'विनाकारण' हा शब्द माझा. सोमवारी मी तो स्वच्छ अक्षरात लिहिला आणि वर्गातल्या अकरा मुलींच्या सह्या घेतल्या. त्यांना उन्हात उभं राहायचा कंटाळा आलेलाच होता, कुणी वाचूनही बघितलं नाही. सविताने मात्र कागद माझ्याकडे परत सरकवला. "मी नाही करणार. तू मॅडमना विचारलंस का?" मी म्हटलं, चोराला विचारून कोणी पहारा देतं का? ती म्हणाली, "मग तुझं तू बघ," आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग आला. मनात म्हटलं, मॅडमनी हिला गोड बोलून आपल्याकडे वळवलीय.

प्राचार्यांनी अर्ज वाचला. मला वाटलं होतं चिडतील, चार प्रश्न विचारतील. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. "जागरूक विद्यार्थी आम्हाला हवेच आहेत," असं म्हणाले आणि कारकुनाला बोलावून अर्ज आवक रजिस्टरला चढवून घेतला, वर शिक्का मारला. मी फुगून बाहेर आले. कॉलेजात शिपाईसुद्धा जिला चहा विचारत नाही, अशा पोरीला प्राचार्यांनी चहा का पाजला, हा प्रश्न जगावर संशय घेणाऱ्या माझ्या डोक्यात त्या दिवशी काही आला नाही. तळात हात घालायची वेळ ती होती, आणि मी वरचा कापूस बघून पाघळले. पुढे कळलं की पुढच्या सत्राआधी कच्च्या लोकांपैकी एकाला कमी करायचंच होतं, कुणाला ते ठरत नव्हतं. माझ्या अर्जाने ते ठरलं. मॅडमना कुणी बोलावून विचारलंही नाही. निरोपाचा तास झाला नाही, की काही नाही. एका सोमवारी वर्गाच्या ग्रुपवर नवं वेळापत्रक आलं, त्यात त्यांचं नाव नव्हतं, एवढंच. उद्योजकतेची उजळणी घ्यायला दुसरे सर आले आणि त्यांनी वर्गात बसवून नोट्स सांगितल्या. मी वहीत पूर्ण तास लिहिले.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सविता खोलीत खाटेवर पाय पसरून पुस्तिका मोठ्याने वाचत होती. तिला मोठ्याने वाचल्याशिवाय काही डोक्यात शिरत नसे. आणि ती बिचारी सगळ्या जगासारखी पहिल्या पानापासून वाचायची. प्राचार्यांचं मनोगत वाचलं, बोधचिन्हाचा अर्थ वाचला, मी तिकडे कपड्यांना इस्त्री करत होते आणि मनात म्हणत होते, काय ही भरताड वाचत बसलीय. मग ती तिसऱ्या पानावर आली. 'तक्ते कसे वाचावेत' असं त्या पानाचं नाव होतं. व्याख्यानाचा एक तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट. उद्योजकता या विषयाचं प्रात्यक्षिक वर्गाबाहेर, बाजारपेठेत व कारखान्यात, शिक्षकांच्या उपस्थितीत घ्यावयाचे आहे. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं.  दोन तास व्याख्यान, पंधरा आठवडे, म्हणजे तीस. मॅडमनी घेतले अठ्ठावीस, उरलेले दोन सुट्टीत गेले. आणि बाहेरचे व्हायला हवेत साठ. मी वही काढली. ज्या ज्या दिवसापुढे मी शून्य घातलं होतं, तिथे वेळ मात्र लिहिलेली होती, कारण माझी सवय चोख. मी ती वेळ मिळवत गेले. बहात्तर भरले. त्या बाईने बारा तास जास्त दिले होते, आणि ते माझ्याच अक्षरात लिहिलेले होते! इस्त्रीखाली माझा दुपट्टा जळाला, त्याचा वास येईपर्यंत मला समजलं नाही. सविताने उठून इस्त्रीचं बटण बंद केलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे धावले. अर्ज मागे घ्यायचाय म्हटलं. या वेळी चहा नव्हता. ते म्हणाले, आवक झालेला अर्ज परत होत नाही, आणि बारा जणींच्या सह्या आहेत, आता काय पोरखेळ आहे का? बाहेर कारकुनाने मला हळूच सांगितलं, मॅडमनी धुळ्याच्या एका कॉलेजात अर्ज केलाय, तिथून फोन आला होता, साहेबांनी सांगून टाकलं की विद्यार्थिनींची तक्रार होती. मुलाखत गुरुवारी आहे. मी त्याच दुपारी घरी गेले. शनिवार नव्हता, त्यामुळे माय दारातच घाबरली. मी नानांपुढे पुस्तिकेचं तिसरं पान उघडून ठेवलं आणि रडतच सगळं सांगितलं. नानांनी चष्मा पुसून लावला. मग त्यांनी पुस्तिका हातात घेतली आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना पहिल्या पानापासून वाचताना पाहिलं. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत, मनोगतापासून. जिनिंगचा भोंगा होऊन गेला, मायने दिवा लावला, ते वाचतच होते. शेवटी म्हणाले, "मी वरलं पान वाचंच नई." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, तुम्ही मला हे शिकवलं. सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि म्हणाले, "चाल. धुळे जाऊ."

एसटीने आम्ही धुळ्याला उतरलो. देवपुरात मॅडमचं घर शोधायला वेळ लागला नाही. दोन खोल्या, बाहेर तुळस, ओट्यावर त्यांची आई ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालत होती. मॅडमनी दार उघडलं, मला बघितलं आणि क्षणभर त्या दारातून बाजूला झाल्याच नाहीत. मला वाटतं त्या घाबरल्या. मी, वीस वर्षांची पोर, आणि माझ्या शिक्षिका मला घाबरल्या! ते आठवलं की अजून माझा मलाच विटाळ वाटतो. मग त्या म्हणाल्या, "या." आम्ही सतरंजीवर बसलो. नाना मान खाली घालून बसले. मी सगळं एका दमात बोलून टाकलं. तिसरं पान, बहात्तर तास, चुकलं, माफ करा. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि 'असू दे' असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तोंडी नको. गुरुवारी मला तिथे दाखवायला लागेल. लिहून दे." ज्या बाईने सहा महिन्यांत आमच्याकडून हजेरीची सहीसुद्धा कधी आग्रहाने घेतली नाही, ती आता माझ्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी कागद दिला, पेन दिलं. मी लिहिलं की आम्ही केलेली तक्रार गैरसमजातून झालेली आहे, मॅडमचे सर्व तास नियमाप्रमाणे, किंबहुना जास्तच झालेले आहेत, सोबत तासांचा तपशील. खाली सही केली. मला वाटलं, चांगलं लिहिलं.

मॅडमनी कागद वाचला आणि 'गैरसमजातून' या शब्दावर बोट ठेवलं. "हे खरं नाही," त्या म्हणाल्या. मला कळेना. मी म्हटलं, मॅडम, खरंच तक्ता कळला नव्हता. "तक्ता कळला नाही, ते ठीक. पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही, मलाही कळला नव्हता, मी विचारला होता. तू आठवड्यात चारदा माझ्यासमोर उभी राहायचीस. बाजारात पाणी प्यायला माझीच बाटली मागायचीस. तुला शंका आली आणि तू मला विचारलं नाहीस. गैरसमज त्याला म्हणत नाहीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. नाना एकदम पुढे सरकले. हात जोडून म्हणाले, "बाई, तिनी चूक नई शे. मोज, मोज, असं मीच सांगं. मनं नाव लिखा त्यामा. मी सही करस." नानांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या कागदावर सही केली नव्हती, मला ते माहीत होतं. मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. मॅडमनी त्यांना नमस्कार केला, पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला, आणि म्हणाल्या, "तुमचं नाव नको, नाना. अर्जावर सही तिची होती. ती मोठी आहे, वाचता येतं, लिहिता येतं."

त्यांनी दुसरा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. बाहेर ओट्यावर त्यांची आई बिबड्या उलटवत होती, त्याचा आवाज येत होता. मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. त्या एका ओळीपाशी येऊन हात थांबला तेव्हा मी मॅडमकडे पाहिलं. त्या काही सांगतील, जरा सौम्य शब्द सुचवतील असं वाटलं. त्या बघत राहिल्या. मग मी लिहिलं: मला त्यांच्यावर संशय आला. मी त्यांना एकदाही विचारले नाही. सही केली. त्यांनी कागद घेऊन सावकाश वाचला, घडी घालून फाइलीत ठेवला आणि उठल्या. "या आता," त्या म्हणाल्या, "मला गुरुवारची तयारी करायची आहे."

त्यांना ती नोकरी मिळाली. मिळाल्याचं त्यांनी सविताला फोन करून सांगितलं. माझा नंबरही त्यांच्याकडे होता.